व्हाउचर कुठंय?

हिशेबकाकांना तुम्ही ओळखता. तुमच्याही वाचनकट्ट्यावर ते असतातच. निवृत्त बँकवाले. कादंबरी कुठलीही असो, पेन्सिल घेऊन बसतात आणि नायिकेचा विरह बाजूला ठेवून तिच्या घरभाड्याची चौकशी करतात.

यंदा कुणीतरी टॉल्किनचं 'द हॉबिट' सुचवलं आणि कट्ट्यात उभी फूट पडली. मराठीच्या निवृत्त बाई म्हणाल्या, १९३७ साली पोरांसाठी निघालेलं पुस्तक आपण साठीनंतर का वाचायचं? ड्रॅगन म्हणे! त्यावर इंजिनिअरिंगच्या पोरांनी पुस्तकातला नकाशाच बाईंपुढे पसरला. चहा येईपर्यंत आवाज चढले होते. तेवढ्यात काका म्हणाले, "तेरा बुटके नायकाच्या, म्हणजे बिल्बोच्या घरी आगंतुक आले, कोठार फस्त केलं. व्हाउचर कुठंय?"

मग सुटलेच. ड्रॅगनच्या खजिन्याच्या मोहिमेत बिल्बोला नफ्याचा चौदावा हिस्सा, प्रवासखर्च वेगळा, मेलाच तर अंत्यविधीही बुटक्यांच्या खर्चानं. करार चोख! पण तेरा बुटके आणि बिल्बो मिळूनच चौदा झाले, मग सोबतच्या जादूगार गँडाल्फला काय? "मानद सल्लागार," निकालही काकांनीच दिला. वाटेत बेऑर्ननं दिलेली तट्टं जंगलाच्या तोंडाशी परत पाठवली, त्याची पोच नाही. बुटक्यांचा म्होरक्या थोरिन मरतो तिथं एका पोराचा आवाज कापरा झाला, तर काकांनी वारसनोंदीचं विचारलं. बाई आणि पोरं त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला आली. मला तर पेन्सिलीचं टोक मोडावंसं वाटलं.

शेवटचं प्रकरण निघालं. बिल्बो वर्ष उलटून गेल्यावर घरी येतो, तर दारात त्याच्याच सामानाचा लिलाव. तो मेला असं सगळ्यांनी धरलेलं. स्वतःचंच फर्निचर त्याला विकत घ्यावं लागतं. चांदीचे चमचे गायब. आणि तो जिवंत आहे हे कागदोपत्री मान्य व्हायला बराच काळ जातो.

चमच्यांवर काका तुटून पडणार म्हणून आम्ही सावरून बसलो. काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला गेलो होतो," ते म्हणाले. "अंगठा पाचदा लावला. मशीनला पटेना. छत्तीस वर्षं नोटा मोजून रेषाच झिजल्यात. तिथली मुलगी म्हणाली, काका, उद्या या. घरी आलो, दिवा लावला, तसाच बसून राहिलो."

कुणी काही बोललं नाही. बाईंनी त्यांच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

काकांनी पुडा उलटा करून किंमत पाहिली.