गरिबाची वेलांटी

मराठीत गरीब माणूस दीर्घ असतो, पण त्याला कोणी काही देत नाही तोवरच. नुसता 'गरीब' लिहिला तर री दुसरी. 'गरिबाला' म्हटलं, की लगेच रि पहिली. मदत पोचायच्या आत वेलांटी कापून घेतात. श्रीमंताचं तसं नाही. 'श्रीमंताला' काहीही द्या, त्याची श्री दुसरीच. वकिलाला प्रत्यय लागला की तोही आखडतो. न्यायाधीशाला लागला तरी न्यायाधीश ताठ.

हा भेदभाव माझा नव्हे. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे जे 14 नियम केले आणि सरकारने 1962 साली मान्य केले, त्यांतला हा आठवा. 1972 साली आणखी 4 आले आणि एकूण 18 झाले. गीतेचे अध्यायही अठराच. पण ते ऐकून अर्जुन निदान लढायला उठला. आठवा नियम ऐकून आमची मुक्ता आडवी होते.

मुक्ता म्हणजे माझी भाची. तिसरीत, इंग्रजी माध्यमात. 2020 च्या कायद्याने तिच्याही शाळेत मराठी सक्तीचं झालं आणि त्यातलं सामान्यरूप माझ्या गळ्यात पडलं. घरात ती 'पावसात जाऊ दे ना' असं बिनचूक भांडते, पण वहीत 'पाऊसात' लिहिते.

"मावशी, पाऊसमधला ऊ कुठे गेला?"

"त्याचा व झाला."

"का?"

देऊळ देवळात गेलं की तेच होतं, भाऊ भावाला भेटला तरी तेच. पण उदाहरणं वाढवली म्हणून 'का' संपत नाही. खरं कारण तसं सोपं आहे. 'दूध' म्हणताना शेवटचा अ आपण गिळतो, म्हणून आधीचा ऊ लांबतो. 'दुधात' म्हटलं की आवाजाचा भार पुढे सरकतो आणि उ आखडतो. हे तिला पटलं. दोनदा मोठ्याने 'दूध, दुधात' म्हणून तिने खात्रीही केली. कानाने लिहायचं, असं आमचं ठरलं. वही, पेन्सिल, समाधान.

मग आलं पीठ.

"पिठात पाणी घाल. पि पहिली. बरोबर?"

"बरोबर."

"विद्यापिठात. पि पहिली."

"नाही, ती दुसरी. तो तत्सम शब्द आहे."

तत्सम म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. अशा शब्दांचा वशिला थेट वरपर्यंत असतो. प्रत्यय लागला तरी त्यांच्या वेलांटीला हात लावायचा नाही. फकीर 'फकिराला' होतो, शरीर 'शरीराला'च राहतं. मुक्ताने दोन्ही म्हणून पाहिले आणि दोन्ही तिला सारखेच ऐकू आले. मलाही. त्यावर, शब्द संस्कृतातून आला हे तिसरीतल्या मुलीने कसं ओळखायचं, असं तिने विचारलं. शब्दाच्या कपाळावर काही गंध नसतं. शिवाय पीठ दोन्हीकडे आहेच की, असंही तिचं म्हणणं. गिरणीतलं दळण आणि विद्यापीठातलं दळण यांत फरक असतो हे मी तिला ठासून सांगितलं नाही, कारण मी विद्यापीठात शिकले आहे.

इंग्रजीच्या तासाला तिचं बरं चाललं होतं. 'रन'चं 'रनिंग' करताना एक एन वाढतो, हे तिला आवडलं होतं. शेपूट लावलं की अक्षर फुकट! आमच्याकडे रक्कम 'रकमेत' गेली की एक क कापला जातो, जणू उगमातच करकपात. गंमत 'गमतीने' करायची तर टिंब आधी जमा करा. किंमत 'किमतीत' बसवायची तरी तेच. ससा 'सशाला' होतो, म्हणून तिने मामाचं 'माम्याला' केलं. नात्यातल्या माणसांना हात लावत नाहीत, असं मी सांगितलं; मग 'मुलगा, मुलग्याला' हे नातं नाही का, असं तिने विचारलं. रामाला नमस्कार करायचा, पण शेजारच्या रामला हाक मारायची, हे तिने काहीच न बोलता स्वीकारलं. बहुधा देवाचं प्रकरण म्हणून.

भूगोलात तर पासपोर्टच तपासावे लागतात. पुणे 'पुण्यात', ठाणे 'ठाण्यात', ठीक. पण अमेरिका 'अमेरिकेत' आणि कॅनडा मात्र 'कॅनडात'. कोणी 'कॅनड्यात' राहत नाही. अमेरिकेला आपण घरातली सून करून घेतलंय. कॅनडा अजून पाहुणाच.

परवा तिच्या बाईंनी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला. शीर्षकच प्रत्ययाने भिजलेलं. मला काळजी वाटली, पण वही तपासून आली ती एकाही लाल रेघेशिवाय. मुक्ताने लिहिलं होतं:

"पाऊस आला. छत्री नाही. मी भिजले. आई ओरडली. भजी खाल्ली. मजा आली."

एकही विभक्तिप्रत्यय नाही. खाली बाईंचा शेरा होता, 'छान, पण फार थोडक्यात.' मुक्ता शेवटच्या शब्दावर बोट ठेवून उभी होती. त्याला 'त' लागण्याआधी तो कोण होता, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.