चार चाकांच्या चार साक्षी

पनवेलमध्ये स्पोर्ट्स कार आता नवलाची राहिलेली नाही. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, मागोमाग विमानतळाचे साडेबावीस टक्के आले, आणि ज्या आळीत बैलजोडीची किंमत विचारली जायची तिथे हॉर्सपॉवरची चौकशी होऊ लागली. गाडी ताशी तीनशेची आणि रस्ता कळंबोली सर्कलचा, एवढीच काय ती अडचण. पण मालकाची त्याबद्दल तक्रार नसते. गाडी पळवायला कमी आणि लोकांनी बघायला जास्त घेतलेली असते. त्या कामी कळंबोली सर्कलइतका निवांत वेळ दुसरीकडे कुठे मिळणार?

तक्रार सुरू होते पहिल्या पावसात. डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागतात. एक एबीएसचा, दुसऱ्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र. हे चित्र पाहून शेठ घाबरतात, कारण त्यांना वाटतं गाडी घसरणार आहे. खरं तर गाडी एवढंच सांगत असते, की यापुढे घसरलात तर मी मध्ये पडणार नाही.

ईएसपी नावाची ही यंत्रणा तशी सरळ आहे. प्रत्येक चाकाच्या हबवर एक रिंग, तिच्यासमोर बोटाएवढा सेन्सर. चाक किती फिरलं याची साक्ष तो कंप्युटरला देतो. स्टिअरिंग किती वळलं हे सांगणारा एक, आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली हे सांगणारा आणखी एक. स्टिअरिंग एक म्हणतंय आणि गाडी दुसरीकडे चाललीय असं दिसलं, की कंप्युटर नेमक्या एका चाकाचा ब्रेक दाबून गाडी ओळीवर आणतो. पण चार चाकांच्या साक्षीच जुळेनाशा झाल्या, तर तो अंदाजपंचे निकाल देत नाही. दिवा लावतो आणि बाजूला होतो. साधा ब्रेक चालूच राहतो. (ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर मात्र शहाणपणा न करता गाडी जागीच उभी करावी.) आपल्याला कळत नाही हे कबूल करून खुर्ची सोडणारं पनवेलमध्ये सध्या एवढं एकच पद आहे.

दिवा लागला, की सल्लागार जमतात. मेहुणे म्हणतात, बॅटरीची वायर काढून पुन्हा लाव. काही गाड्यांत तेवढ्याने दिवा जातोही. बिघाड आहे तिथेच राहतो. मग चकचकीत वर्कशॉप. तिथे स्कॅनर लावतात, कोड येतो सी ००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. सर्किट! त्यात सेन्सर आला, वायर आली, कपलर आला. पण बिल करायला वायरपेक्षा सेन्सर बरा आणि सेन्सरपेक्षा मॉड्यूल बरं. सेन्सर बदलतात, दिवा पुन्हा येतो. मग मॉड्यूल सुचवतात. मॉड्यूलच्या किमतीत साधी मोटरसायकल येते, हे शेठना कौतुकानेच सांगितलं जातं.

नंतर कोणीतरी गाडी लोखंडबाजाराकडच्या एखाद्या गॅरेजात नेतो. तिथला मिस्त्री म्हणतो, "मॉड्यूल नंतर बघू शेठ, आधी चाक खोलू द्या." चाक खोलण्याआधी पोराला शेजारी बसवून गाडी ताशी वीसने फिरवतो. स्कॅनरवर तीन चाकं वीस दाखवतात. चौथं वीस, शून्य, अकरा, शून्य. म्हणजे नवा सेन्सरही तेच सांगतोय. मग मिस्त्री चाक खोलतो, वायर धरून हलवतो, आकडा उड्या मारतो. कपलर उघडल्यावर आत हिरवट गंज आणि पनवेलचा गाळ. हबवरच्या रिंगला डिस्कचा लोखंडी चुरा चिकटलेला. ब्रश, क्लीनर, दोन पिना सरळ. ब्रेक पेडलमागचा स्वस्तातला स्विचही तो तपासून घेतो. तो बिघडला तरी हेच दिवे लागू शकतात.

कपलरमध्ये गाळ गेला कसा, हे विचारायला शेजारच्या पळस्प्याच्या पुढे जायची गरज नाही, खड्डे आणि गतिरोधक पुरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आपल्याकडे रुंदी आणि उंची यांची अदलाबदल झाल्यासारखी वाटते. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटरवर. बाकी हिशोब गाडीच्या खालून आवाजाने कळतो.

या ईएसपीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९७ साली स्वीडनमध्ये रस्त्यात अचानक मूस (सांबरासारखा अवाढव्य प्राणी) आला तर काय, या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास उलटली. कंपनीने शेवटी सगळ्या ए-क्लासना ईएसपी बसवलं. तिकडे या चाचणीसाठी मोकळं मैदान लागतं. पळस्पे फाट्यावर रिक्षा, म्हैस आणि उलट्या दिशेचा डंपर ही चाचणी रोज विनामूल्य घेतात.

आणि पुढचा मुंबई-गोवा महामार्ग? पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर, चौपदरीकरण सुरू २०११ मध्ये. निदानाची पद्धत चकचकीत वर्कशॉपचीच. ठेकेदार बदलला, मुदत बदलली, डांबराचं काँक्रीट झालं. चाक कोणी खोललं नाही. गणपतीच्या आधी पाहणी दौरा निघतो, खड्ड्यांत खडी पडते, म्हणजे कोड डिलीट. अनंत चतुर्दशीपर्यंत दिवा पुन्हा पेटलेला असतो.

२०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे हा मान आता फक्त शेठांचा राहिलेला नाही. हप्त्यावरच्या छोट्या गाडीलाही तोच गाळ आणि तोच दिवा.

शेठांची गाडी मात्र बरी झाली. मिस्त्रीने चारही चाकं एकाच आकड्यावर आलेली दाखवली, आणि पैसे इतके कमी घेतले, की ते सांगायलाही शेठना लाज वाटली. गॅरेजमधून बाहेर पडताच त्यांनी पहिलं काम केलं ते ईएसपी बंद करण्याचं बटण दाबायचं. रील काढायची होती, आणि रीलमध्ये गाडी घसरायला हवी होती.