क्षीरसागर, पण डबल ई

एसटीचा कंडक्टर कधी कुणाचं नाव विचारत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी फुकट प्रवासासाठी आधार कार्ड पुढे केलं, तर तो जन्मसाल तेवढं बघतो आणि ‘सरका पुढे’ म्हणतो. आजोबा मतदारयादीत काळे आहेत की काले, हा त्याच्या दृष्टीने आजोबांचा घरगुती प्रश्न असतो. विमानाचं तसं नाही. विमानात बसायचं तर माणूस कागदोपत्री एकच असावा लागतो. आणि कागदोपत्री एकच असलेला मराठी माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

याला आपली नावं ठेवण्याची पद्धत जबाबदार आहे. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि मग आडनाव, असा आपला तीन मजली कारभार. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव सगळ्यात वर, आधारवर सगळ्यात शेवटी. त्यात ज्यांचा जन्म १ मे २०२४ किंवा त्यानंतरचा, त्यांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईलाही जागा दिली आहे. निर्णय उत्तमच. नऊ महिने जिने सांभाळलं तिला चौथा मजला बांधून मिळाला, तोही एवढ्या उशिरा. पण विमान कंपनीच्या फॉर्मवर अजून दोनच चौकोन ठळक असतात, फर्स्ट नेम आणि लास्ट नेम. आईवडिलांची सोय कुठे करायची, हा प्रश्न म्हातारपणी पडतो तसाच तिथेही पडतो.

काही जण हा प्रश्न मुळातच उडवून लावतात. एकच शब्द लिहितात आणि दुसरा रकाना कोरा सोडतात. अशांना २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने हिसका दाखवला. पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असेल तर भेटीच्या व्हिसावर यायचं नाही, असं कळवून टाकलं. अमेरिकेची तऱ्हा निराळी. पासपोर्टवर पहिलं नाव नसेल तर ते व्हिसावर ‘एफएनयू’ छापतात. म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पुढे तिकडच्या कचेरीतला माणूस तेच नाव समजून ‘फ्नू, फ्नू’ अशा हाका मारतो, आणि ज्याचं बारसं थाटात झालेलं असतं तो मुकाट्याने उठून खिडकीपाशी जातो.

हे सगळं मला पाठ असण्याचं कारण म्हणजे आमच्या घराण्यातले फॉर्म भरण्याचं खातं माझ्याकडे आहे. अपवाद एकदाच झाला. मावशीला मेलबर्नला मुलीकडे जायचं होतं, सोबत म्हणून मी निघालो होतो, आणि तिकिटं तिकडूनच मुलीने काढली होती. मावशीचं आडनाव क्षीरसागर. हे आडनाव इंग्रजीत लिहिण्याबद्दल त्या घरात एकवाक्यता नाही. मावशीच्या पासपोर्टवर ‘क्षी’मध्ये एकच आय आहे. मुलीच्या शाळेत हेडमास्तर दीर्घ ईकाराबद्दल आग्रही होते, म्हणून तिच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत डबल ई. तिने आईचं तिकीट काढताना सवयीने आपल्याच हातचं आडनाव लिहिलं.

विमानतळाच्या दारावरच्या जवानाने फोटो आणि चेहरा ताडून सोडलं. काउंटरवरच्या मुलीने मात्र पासपोर्टवर बोट ठेवलं, पडद्यावर बोट ठेवलं, आणि दोन्ही बोटं तिथेच राहिली.

“आजी, इथे एक आय आहे आणि तिकिटावर डबल ई.”

“अगं पण उच्चार एकच ना?”

“सिस्टीमला उच्चार कळत नाही, आजी.”

त्या मुलीचा काही दोष नव्हता. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, हा विमानाचा पहिला नियम. शिवाय विमान उडण्याआधी प्रवाशांची यादी पलीकडच्या देशाला कळवायची असते. तिथे कुणी अडकलं, तर त्याला परत आणायची जबाबदारी कंपनीच्या गळ्यात, वर दंडही होऊ शकतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. पहिल्या ओळीतल्या पाच जागा पासपोर्ट आणि देश सांगण्यात जातात, उरलेल्या ३९ मध्ये आख्खा माणूस. यंत्र वाचतं ते तेवढंच. त्यात काना, मात्रा, वेलांटी, घराणं, काही नसतं.

पण मावशी प्राथमिक शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. पुरावा मागितला की पुरावा द्यायचा, ही तिची शिस्त. तिने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि काउंटरवर कागद मांडायला सुरुवात केली. आधारवर ती सुनंदा माधव क्षीरसागर. पॅन कार्डावर सुनंदा एम. क्षीरसागर. रेशनकार्डावर क्षीरसागर सुनंदाबाई माधवराव. बँकेच्या पासबुकात ‘सौ’ टिंबाशिवाय छापलेलं, त्यामुळे संगणकाच्या लेखी तिचं पहिलं नाव ‘सौ’ आणि सुनंदा हे बहुधा वडिलांचं. मग निघाला शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर कुसुम गोविंद जोशी.

“या कोण?” मुलीने विचारलं.

“मीच. लग्नात नाव बदललं. तांदळात लिहिलं होतं ना, अंगठीने.”

“त्याचं काही सर्टिफिकेट?”

“तांदळाचं?”

मागे रांग वाढत होती. मावशी एकेक कागद काढत होती आणि प्रत्येक कागदागणिक काउंटरवर एकेक बाई वाढत होती. मावशीला वाटत होतं आपण सिद्ध होतोय. त्या मुलीला वाटत होतं एका तिकिटावर महिला मंडळ निघालंय.

शेवटी सुपरवायझर आले. साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी कागदांचा पसारा बघितला, हात जोडले आणि म्हणाले, “आजी, एवढं सगळं आत ठेवा. तुम्ही तुम्हीच आहात याबद्दल माझी खात्री आहे. मला फक्त पासपोर्ट आणि तिकीट द्या.” मग कुठेतरी फोन केला, तिकिटाच्या नोंदीत दोन्ही स्पेलिंगं एकाच बाईची असल्याचा शेरा टाकला, आणि बोर्डिंग पास छापून निघाला. त्यावर आधी क्षीरसागर, मग तिरकी रेघ आणि मग एका दमात ‘सुनंदामाधवमिसेस’. काका पुण्यात गाढ झोपले होते, पण मावशी आणि मिसेस यांच्या मधोमध ते होतेच.

सुपरवायझरांच्या त्या एका वाक्याला मी तेव्हापासून गुरुमंत्र मानतो. आपण आपणच आहोत, हे विमानतळावर सिद्ध करायचं नसतं. तिथे दोन कागदांचं पटलं की झालं. बाकीचे कागद म्हणजे लग्नातले दूरचे नातेवाईक, जितके पुढे कराल तितके वाद. म्हणून तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडा ठेवायचा आणि अक्षरन् अक्षर त्यातलं उतरवायचं, चुकीचं असेल तर चुकीचंसुद्धा. ‘सौ.’, ‘श्री.’, ‘राव’, ‘ताई’ यांना घरी ठेवायचं. आणि घोळ झालाच तर त्याच दिवशी कंपनीला कळवायचं. तिकीट थेट कंपनीकडून काढलं असेल, तर पहिल्या चोवीस तासांत अशी दुरुस्ती बहुधा फुकटात होते. रात्री एक वाजता काउंटरवर तीच गोष्ट समोरच्याच्या मर्जीवर असते.

परत आल्यावर मावशीने ठरवलं, आता सगळ्या कागदांवर एकच सुनंदा. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टने तिला ‘वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. ते हातात घेऊन तिने विचारलं, “हे शपथेवर सांगायची वेळ यावी?” तो म्हणाला, “मावशी, दिवसभर हेच लिहितो मी. माझंसुद्धा केलेलं आहे.” आधारचं तर आणखी गमतीचं. देशातलं पहिलं आधार आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २०१० साली दिलं गेलं, म्हणजे हे दुखणं आधी आपल्याकडे आलं असं म्हणायला हरकत नाही. त्यात नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. नियम करणाऱ्याला मराठी संसाराची जाण असावी. एक संधी लग्नासाठी, आणि दुसरी त्या वेळी झालेली टायपिंगची चूक निस्तरायला.

सध्या घरात वेगळीच धांदल आहे. भावाला मुलगी झाली. मेलबर्नकांडानंतर सगळ्यांनी ठरवलं होतं की आता नाव ठेवायचं ते असं, की जगातल्या कुठल्याही काउंटरवर एकाच तऱ्हेने लिहिलं जाईल. रमा, उमा अशी सोपी यादीही झाली होती. बारशाला आत्याने पाळण्यात तोंड घातलं आणि कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, ज्ञानदा.

भाऊ म्हणतो डी-एन-वाय, वहिनी म्हणते जी-एन-वाय, वहिनीच्या बंगळुरूच्या मैत्रिणीने जे-एन सुचवलंय, आणि मावशी म्हणते, जे काय लिहाल त्यात डबल ई नको. जन्मनोंदणीत बाळाचं नाव भरायला कायदा वर्षभराची फुकट सवड देतो. आम्हाला ती पुरेल असं वाटत नाही. सुदैवाने त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं. तोवर ज्ञानदाची दहावी आलेली असेल, आणि ती तिचं काय ते स्पेलिंग ठरवेल.