गावाला जाताना मावशींचा पगार कसा कापावा

हे मार्गदर्शन फक्त नवशिक्यांसाठी. म्हणजे ज्यांच्या घरी दीड-दोन वर्षांचं मूल आहे, ते सांभाळायला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मावशी येतात, आणि ज्यांनी मे महिन्यात बारा दिवसांचं शिमला-मनाली बुक केलंय, अशांसाठी. मुरलेल्यांना यात नवीन काही सापडणार नाही. त्यांच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, पेपरचे खाडे आणि मावशींचे खाडे तीन वेगवेगळ्या रंगांत असतात.

आधी बातमी कधी द्यायची ते पाहू. विमानाची तिकिटं फेब्रुवारीत काढलेली असली तरी मावशींना सांगायचं ते निघायच्या दोन दिवस आधी, बाळाचे स्वेटर बॅगेत भरता भरता, पाठमोरं उभं राहून. लवकर सांगितलं तर त्या गावची जत्रा त्याच दिवसांत उरकून घेतील, किंवा कुठे बदलीचं काम धरतील, आणि त्यांची सोय होऊन बसेल.

"मावशी, आम्ही शनिवारी बाहेरगावी चाललोय."

"बरं वहिनी. किती दिवस?"

इथे अडखळायचं नाही. "बारा. तुम्हालाही तेवढाच आराम!" असं हसून म्हणायचं. पैशांचं नावही न काढता तुमची रजा त्यांच्या नावावर चढते. निम्मं काम इथेच होतं.

आता हिशोब. हा भाग घाईने वाचू नये, खरी कला यात आहे. समजा पगार १५,००० आहे. भोळी माणसं ३० ने भागून १२ ने गुणतात आणि ६,००० कापतात. पण मे महिना ३१ दिवसांचा. त्या हिशोबाने ५,८०६ रुपयेच कापता येतात, म्हणजे १९४ रुपयांचं नुकसान. मावशी रविवारी येत नाहीत, तेव्हा महिना २६ दिवसांचा धरावा असंही कुणी सुचवेल. ग्रॅच्युइटीच्या हिशोबात महिना २६ दिवसांचाच असतो, त्यामुळे ऐकायला हे कायदेशीर वाटतं. (ग्रॅच्युइटी मावशींना मिळत नाही, पण भागाकार उसना घ्यायला हरकत नाही.) मात्र शनिवार ते त्यानंतरचा दुसरा बुधवार या बारा दिवसांत दोन रविवार येतात. ते प्रामाणिकपणे वगळले तर कापायचे दिवस उरतात दहा, आणि रक्कम ५,७६९. ही तर सर्वांत कमी भरली. म्हणून जाणकार काय करतात? भागताना रविवार वगळतात आणि गुणताना धरतात. १५,००० भागिले २६, गुणिले १२. झाले ६,९२३. मावशींनी विचारलंच तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुढे करावा. यंत्रापुढे कोणी वाद घालत नाही.

हा हिशोब मांडताना आपली स्वतःची सॅलरी स्लिप टेबलावर ठेवू नये. तुमची बारा दिवसांची रजा भरपगारी आहे. सरकारी नोकरीत असाल तर रजा प्रवास सवलत आहे, खासगीत बहुधा एलटीए. म्हणजे तुम्ही कामावर नसताना पगार चालू राहतो, शिवाय फिरायचं भाडंही काही प्रमाणात सुटतं. मावशी मात्र नऊच्या ठोक्याला यायला तयार असून दार बंद आहे. काम नाही तर दाम नाही हे तत्त्व दोघांपैकी नक्की कोणाला लागू करायचं, हा प्रश्न स्लिप समोर असली की उगाच डोक्यात येतो.

तत्त्वाबद्दल आणखी एक सूचना. ते घराबाहेर नेऊ नये. सोसायटीच्या सेक्रेटरीला "बारा दिवस लिफ्ट वापरली नाही, मेंटेनन्स कमी करा" असं सांगायला जाऊ नका. पाळणाघरात मूल गेलं नाही तरी महिन्याची फी पुरी लागते, कारण त्यांनी जागा राखून ठेवलेली असते. तिथे आपण मुकाट्याने भरतो. मावशीही नऊ ते सहा हे तास तुमच्यासाठीच राखून ठेवतात आणि त्या वेळेत दुसरं मूल घेत नाहीत. पण त्या पावतीपुस्तक छापत नाहीत, हा आपला फायदा.

निघताना किल्ली त्यांच्याकडेच द्यावी. कुंड्यांना दिवसाआड पाणी, मंगळवारी एसीवाला येईल त्याला दार उघडणे, आलेली कुरियर आत घेणे, एवढंच. हे काम नव्हे, आपुलकी आहे.

तिसऱ्या दिवशी मनालीच्या हॉटेलात बाळ जेवणार नाही. आजीचा वरणभात नको, बापाचं विमान नको, चमचा दिसला की तोंड फिरवणार. मग पुण्याला जनता वसाहतीत व्हिडिओ कॉल लावायचा. मावशी पदर सावरत पत्र्याखालच्या उजेडात येतात, "कोण आलं रे? माझा राजा आला? आ कर बघू," म्हणतात, आणि इकडे अर्धी वाटी संपते. कॉल वीस मिनिटांचा. याचे पैसे लावायचे का, असा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. लावू नयेत. उलट मध्ये रेंज गेली तर अर्धा खाडा धरता येईल का, ते पाहावं.

मावशींना सोबत न्यायचं ठरवलंत तर प्रकरण वेगळं. तेव्हा काम नऊ ते सहाऐवजी चोवीस तासांचं होतं, झोप एक्स्ट्रा बेडवर, आणि परत आल्यावर "त्यांनाही बर्फ बघायला मिळालं" म्हणून त्यांची वर्षाची रजा संपली असं समजायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या शिफारशीत मात्र मालकाच्या कुटुंबासोबत सुट्टीवर घालवलेले दिवस घरकामगाराच्या भरपगारी रजेत मोजू नयेत, असं लिहून ठेवलंय. एवढ्या बारकाईने कोणी लिहिलं असेल? आपल्यासारखं घर पाहिलेल्याच कोणीतरी.

कायद्याची फार धास्ती नको. त्याच वर्षीच्या घरकामगारांच्या करारावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. महाराष्ट्राचा २००८ चा घरेलू कामगार कायदा आहे, पण तो कल्याण मंडळाचा. नोंदणी आणि मदतीच्या योजना त्यात येतात; तुम्ही मनालीला असताना पगाराचं काय, ते तो सांगत नाही. पुण्यात जरा जपून. १९८० साली इथल्या मोलकरणींनी संप केला होता, आणि पगारवाढीसोबत भरपगारी सुट्ट्याही मागितल्या होत्या. तेव्हा भांडी घासायला बसलेल्या घरांत त्याची आठवण अजून निघते.

सगळं नीट जमलं तर फळ जूनमध्ये दिसतं. मावशींच्या बचत गटाचा हप्ता, भिशी, घरभाडं, मुलीचा गणवेश आणि वह्या यांपैकी कोणीही मनालीला गेलेलं नसतं. सहा-सात हजारांचा तो खड्डा भरायला त्या शेजारच्या सोसायटीत पंधराशे जास्त देणाऱ्या घरी जातात. मग एजन्सीला फोन, तिची फी, नवीन बाई, आणि दार वाजलं की मावशी आल्या समजून धावणारं मूल. वाचवलेल्या ६,९२३ रुपयांतून किती उरले, तो भागाकार ज्याचा त्याने करावा.

या अभ्यासक्रमात काही विद्यार्थी हटकून नापास होतात. त्यांच्यासाठी पुरवणी धडा असा. तारखा तिकीट काढल्या दिवशीच सांगाव्यात. "तुम्हाला गावाला जायचं असेल तर याच दिवसांत जमेल का?" असं विचारावं, आणि जमणार नसेल तर तो विषय सोडावा. कुंड्यांचं काम सांगितलं तर त्याचे वेगळे द्यावेत. महिन्याचा पगार जायच्या आदल्या दिवशी पुरता करावा, आल्यावर नव्हे, कारण आल्यावर आपला हात मोकळा राहिलेला नसतो. आणि मोबाइलवरून पैसे पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात "मे पगार" लिहावं. "मदत" नको, "बक्षीस"ही नको. बाहुलीचा किंवा केकचा इमोजी तर नकोच.