शून्यालाही बोंब, पन्नासलाही बोंब

2009 साली विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा एका महापालिकेत विरघळल्या. विरारच्या चंदनसारचा कारभारही तिच्याकडेच. त्याच वर्षी संगणकांच्या नोंदी, म्हणजेच लॉग, ठेवणाऱ्या सिसलॉगचं नवं प्रमाण, आरएफसी 5424, प्रसिद्ध झालं. गावं एकत्र आली, लॉगनी मात्र सवतासुभा सोडला नाही.

नोंदीचं गांभीर्य सांगताना सिसलॉगमध्ये 0 म्हणजे आणीबाणी आणि 7 म्हणजे किरकोळ डीबग. पायथनची उलटी गंगा: डीबग 10, क्रिटिकल 50.

घड्याळाचंही तेच. युनिक्स 1970पासूनचे सेकंद मोजतं, जावास्क्रिप्ट मिलिसेकंद.

मध्यरात्री चंदनसारच्या खोलीत लॅपटॉप उघडणाऱ्या इंजिनिअरला एकाच बिघाडाच्या दोन नोंदी दिसतात. एक 02:10ची, दुसरी आदल्या दिवशीच्या 20:40ची. मधले साडेपाच तास यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, गिळलेले, आणि दोन्ही नोंदी अगदी खऱ्या!