प्रोसेसर

सफाळ्याहून बोईसरला फर्स्ट शिफ्टसाठी जाणाऱ्या प्रत्येक डब्यात एक तरी असा माणूस असतोच, की ज्याला स्वतःचा रक्तगट आठवावा लागतो, पण समोरच्याच्या फोनचा चिपसेट पाठ असतो. आमच्या डब्यात त्याला सगळे ‘प्रोसेसर’ म्हणतात. खरं नाव कंपनीच्या मस्टरवर आहे.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पायात सेफ्टी शूज, मांडीवर डब्याची पिशवी. एरवी गरीब माणूस. चौथ्या सीटवर अर्धा टेकून निमूट जाईल. पण “दादा, पंधरा हजारांच्या आत कुठला घेऊ?” एवढं वाक्य कानावर पडलं, की हा ताठ होतो, आणि तीन माणसं आपोआप सरकून त्याला पूर्ण जागा देतात. प्रश्न केळवे रोडला विचारला, तर पालघर जातं, उमरोळी जातं, बोईसरच्या पुलाच्या पायऱ्या चढून होतात, तरी उत्तर सुरूच असतं.

उत्तर म्हणजे काय, उलटतपासणीच.

“वापर काय तुझा?”

“काही नाही दादा. फोन, व्हॉट्सअ‍ॅप, रात्री जरा यूट्यूब.”

“म्हणजे हेवी यूजर.”

मग एकेक फोन पुढे येतो आणि आडवा होतो. याला अ‍ॅमोलेड स्क्रीन आहे, पण वर्षभरानं हिरवी रेघ आली तर रडशील. त्याला रेघेची भीती नाही, पण एलसीडी आहे, उन्हात काय दिसणार? तिसऱ्याची बॅटरी ६,००० एमएएचची, पण स्टोरेज जुनं ईएमएमसी. यूएफएस असतं तर गोष्ट वेगळी. मागच्या बाजूला तीन कॅमेरे दिसतात ना, त्यातला ५० मेगापिक्सेलचा कामाचा. बाजूचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, तो मागे बसून तुझ्या फोनकडे बघणाऱ्यांसाठी. आणि डब्यावर ‘१६ जीबी रॅम’ छापलंय, त्यातली आठ खरी. उरलेली आठ तुझ्याच स्टोरेजमधून कापून तुलाच परत दिलेली. हे सगळं खरं असतं, हीच त्यातली अडचण. खोटं सांगणाऱ्याचं ऐकून माणूस निदान काहीतरी विकत घेतो.

कुणाचा नवा फोन हातात आला, की सातपाटीला पापलेट घेताना कल्ला उचलून बघावा, तसा तो आधी उलटा करून चार्जिंगचं भोक तपासतो. स्क्रीन शेवटी. “पुढून सगळेच चांगले दिसतात,” म्हणतो.

त्याची कालगणना वेगळी आहे. पालघर जिल्हा कधी झाला, असं विचारलं तर तो १ ऑगस्ट २०१४ म्हणणार नाही. “रेडमी वन-एसच्या आदल्या महिन्यात” म्हणेल. त्या सेलची आठवण काढली की त्याचा आवाज अजूनही चढतो. मंगळवार, दुपारी दोनची वेळ, किंमत ५,९९९. सेकंड शिफ्टला उशिरा जाण्याची परवानगी काढून हा बोईसरच्या सायबर कॅफेत बसला. दोन वाजले, बोट पडलं, आणि काही सेकंदांत देशभरचा माल संपला. लेट मार्क तेवढा लागला. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, फुकटच्या फोरजीसाठी अख्ख्या प्लान्टला नवा फोन लागला, आणि याचा सुवर्णकाळ सुरू झाला. २०१७ मध्ये त्यानं स्वतःसाठी रेडमी नोट फोर घेतला. स्नॅपड्रॅगन ६२५, धातूची पाठ, ४,१०० एमएएच. तेव्हापासून दुसऱ्यांना किती घेऊन दिले त्याची गणती नाही; स्वतःचा मात्र तोच. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: “थांब, पुढच्या महिन्यात एक येतोय.”

आणि हे सगळं ज्या फोनसाठी, तो शिफ्टमध्ये असतो कुठे? सॉल्व्हंटच्या वाफा जिथं असतात तिथं साधा मोबाईल आत नेता येत नाही. गेटवर वॉचमन घेतो, लाकडी खणात ठेवतो, हातात नंबरचा बिल्ला देतो. आठ तास १२० हर्ट्झची स्क्रीन अंधारात उताणी पडून. त्या खणांसमोर उभं राहिलं की पंधरा हजारांचा आणि पंचवीस हजारांचा सारखेच गप्प दिसतात. मी हे एकदा प्रोसेसरला बोलून दाखवलं. तो गंभीरपणे म्हणाला, “म्हणूनच स्टँडबाय महत्त्वाचा.”

तारापूरच्या अणुवीज केंद्रातले एक गृहस्थ याच गाडीला असतात. १९६९ पासून वीज देणारं ते केंद्र; गृहस्थांची उभी नोकरी अणुभट्टीच्या सावलीत गेलेली. त्यांची फोनबाबत एकच चौकशी: “रेडिएशन किती?” प्रोसेसरनं त्यांना स्टार हॅश शून्य सात हॅश दाबून सार व्हॅल्यू काढायला शिकवली. “आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॅट. तुमच्याकडची तुम्हाला माहीत,” असं वर म्हणाला. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी आकडा डायरीत लिहून घेतला.

खरी धांदल नवरात्रात. ऑनलाइन सेल लागतो तो घटस्थापनेच्या आसपास, आणि कंपनीचा बोनस हातात पडतो दिवाळीच्या तोंडावर. ज्यानं कुणी हे वेळापत्रक आखलं त्याला कामगाराचा खिसा नेमका कधी रिकामा असतो हे पक्कं ठाऊक असणार. कायद्यानं किमान ८.३३ टक्के बोनस. त्या न आलेल्या पैशांवर प्रोसेसर सगळ्यांचे हिशेब मांडतो. एक्सचेंजचे इतके, कूपनचे तितके, आणि अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के सूट. ते कार्ड अख्ख्या प्लान्टमध्ये फक्त अकाउंट्सच्या साहेबांकडे. वर्षभर ज्यांच्याकडे ओव्हरटाइमचे पैसे मागायला लोक घाबरतात, त्या साहेबांना त्या नऊ दिवसांत स्वतःच्या पैशानं चहा प्यावा लागत नाही.

प्रोसेसरला निरुत्तर झालेला मी एकदाच पाहिला. पालघरला टोपली घेऊन चढलेली सातपाटीची मावशी बराच वेळ ऐकत होती. मग तिनं विचारलं, “भाऊ, ओल्या हातानं चालंल असा कुठला?” हा सावरून बसला. अलीकडे पावसाचे थेंब नि ओलं बोट ओळखणाऱ्या स्क्रीन आल्यात, म्हणाला, आयपी ५४ म्हणजे शिंतोडे चालतात, ६८ म्हणजे बुडाला तरी—

“खाऱ्या पाण्यात?”

इथं तो अडकला. ती परीक्षा गोड्या पाण्यात घेतात, हे त्याला माहीत होतं आणि प्रामाणिक असल्यामुळे कबूलही करावं लागलं. “आणि बाजारात बाया ओरडत असतात, तिथं पैसं आल्याचं ऐकू येईल का? खवलं चिकटल्यावर अंगठा घेतो का?” स्पीकर किती डेसिबलचा, हे त्यानं सांगितलं असतं, खवल्यांचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. “मावशी, मला रविवारपर्यंत वेळ द्या,” म्हणाला. रविवारपर्यंत तिनं पालघरच्या दुकानातून एक घेऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून टाकला होता. पिशवीवरून बोट चालतं. प्रोसेसरनं ते चालवून बघितलं आणि मान हलवली. “टच रिस्पॉन्स थोडा कमी होतो,” एवढंच म्हणाला.

शेवटी वेळ त्याच्यावरही आली. नोट फोरची बॅटरी फुगून धातूची पाठ उचलली गेली, ती त्यानं रबरबँड लावून दाबून धरली होती. पण फोन अँड्रॉइड सातवर अडलेला, आणि एके दिवशी बँकेच्या अ‍ॅपनं कायमची रजा घेतली. वडापावचे वीस रुपये दोन दिवस उधार राहिल्यावर वहिनींनीच सूत्रं हातात घेतली. त्याची तुलनेची वही होती, सात मॉडेलं, एकोणीस रकाने. ती पिशवीत घेऊन दोघं पालघरला स्टेशनजवळच्या दुकानात गेले. वहिनींनी दुकानदाराला विचारलं, “बिघडला तर कुठं दुरुस्त होतो?” तो म्हणाला, “इथेच, मागच्या टेबलावर.” मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “यात निळा आहे का?” होता. वही पिशवीतून बाहेर यायच्या आत बिल झालं. हे त्यानं मला सांगितलेलं नाही. दुकानदाराचा भाचा आमच्याच डब्यात असतो.

दुसऱ्या दिवशी प्रोसेसर गाडीत चढला तो फोन काळ्या फ्लिप कव्हरमध्ये बंद करून. कॅमेरेसुद्धा झाकलेले. डबाभर लोक वाकून बघायला लागले. कुठला? किती जीबी? प्रोसेसर कुठला दादा, प्रोसेसर?

“टेम्पररी आहे,” खिडकीबाहेर बघत तो म्हणाला. “दिवाळीपर्यंत.”

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.