प्रथमोपचारातला माझा वाटा

मराठी घरात मूल पडलं, की पहिला मार फरशीला बसतो. "आमच्या बाळाला लागलं? थांब, हिला हाणते!" म्हणत आजी फरशीला दोन चापट्या देते. मग कुणीतरी "ती बघ, मुंगी मेली!" म्हणून एका निरपराध जिवाच्या निधनाची बातमी देतं आणि मूल रडणं थांबवून मुंगीचं प्रेत शोधायला लागतं. आरोपीला शिक्षा झाली, पंचनामा झाला. मुलाला लागलंय कुठे, एवढंच बघायचं राहतं.

या पद्धतीत तथ्य नाही असं मात्र नाही. मुंगी शोधणारं मूल शुद्धीवर असतं, त्याला दिसत असतं आणि त्याची मान वळत असते. पडल्या पडल्या मोठ्यानं रडलं, थोड्या वेळात खेळायला लागलं, तर टेंगळावर गार पाण्याची पट्टी आणि दिवसभर लक्ष, एवढं बहुतेक वेळा पुरतं. पण पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, उठवूनही नीट जाग येईना, झटके आले, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर मुंगीचे अंत्यसंस्कार नंतर, आधी हॉस्पिटल. आणि मूल अगदी तान्हं असेल तर शंका आली तरी डॉक्टरला दाखवून घ्यायचं.

एवढं शहाणपण माझ्यात आलं ते निवृत्तीनंतर, आमचे साहेब रांगायला लागल्यावर. साहेब म्हणजे नातू. नोकरीत मी बरेच साहेब पाहिले, पण फाईल तोंडात घालणारे हे पहिलेच. त्यांच्या हालचाली सुरू झाल्या आणि सूनबाईंनी फर्मान काढलं, "घर त्याच्या उंचीवरून बघायचं. बाबा, तुम्हाला सकाळी वेळ असतो ना?"

निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारला, की उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. मी गुडघ्यांवर, हातात विजेरी, असा दिवाणाखाली निम्मा शिरलेला असताना समोरच्या वहिनी विरजण मागायला आल्या. "काही हरवलंय का?" त्यांनी विचारलं. "नाही हो," सौ. म्हणाली, "यांना सध्या हेच काम दिलंय."

दिवाणाखाली जे सापडलं त्याची यादी सूनबाईंनी फ्रिजवर लावली : सेफ्टी पिन, शेंगदाणा, चिंचोका, डांबराची गोळी, माझी एक गोळी आणि एक बटन सेल. मी शेंगदाण्याकडे प्रेमानं पाहिलं. पण लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत आपल्याकडे शेंगदाणा फार वरच्या क्रमांकावर असतो. दाढा येऊन नीट चावता येईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत, अख्खा दाणा द्यायचा नाही. कूट करून द्यायचा. ज्या घरात खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात दाण्याचं कूट पडतं, त्या घरानं या नियमाचं स्वागतच केलं.

खरा गुंड निघाला तो बटन सेल. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासा लहान, चकचकीत, गिळायला सोपा. तो अन्ननलिकेत अडकला, की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, दाहक अल्कली तयार होतो आणि दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होते. "उद्या आपोआप पडेल, तोवर केळी खायला घाला" हा सल्ला इथे चालत नाही; त्याच मिनिटाला हॉस्पिटलकडे निघायचं. त्यातून सेल संपलेला असला तरी सुटका नाही. रिमोट चालवण्याइतका दम ज्याच्यात उरला नाही, तोही एवढा अनर्थ करू शकतो. आम्हा निवृत्तांना निकामी समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

त्यानंतर माझी औषधांची डबी कपाटाच्या माथ्यावर गेली. सात वारांचे सात कप्पे, रंगीत झाकणं आणि हलवली की खुळखुळ्यासारखा आवाज. साहेबांना दुसरं काय हवं? मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात, की एकच पोटात गेली तरी लहान मुलाची साखर धोकादायक इतकी खाली येते. आता मला रोज सकाळी स्टुलावर चढावं लागतं. मी पडलो तर फरशीला कोण मारणार, हे अजून ठरलेलं नाही.

सौ.चा पराभव मात्र बाथरूममध्ये झाला. पाणी जाण्याच्या धास्तीनं बादल्या भरून ठेवणं हा आमच्या डोंबिवलीचा कुळाचार. रिकामी बादली तिला अपशकुनी वाटते. पण नुकतं उभं राहायला लागलेलं मूल काठाला धरून आत वाकतं, डोकं जड असल्यामुळे तोल जातो आणि वर येण्याचं बळ हातात नसतं. वीतभरही पाणी लागत नाही आणि आवाजही होत नाही. सौ. गंभीर झाली. दुसऱ्या दिवसापासून बादल्यांवर झाकणं आली आणि बाथरूमला बाहेरून, उंचावर, कडी. आता आत कुणी आहे की नाही हे न बघताच जाणारा-येणारा कडी लावतो. मी आत बसून बरंच चिंतन केलं आहे.

मग सूनबाईंनी सोसायटीच्या हॉलमध्ये बालरोगतज्ज्ञ बाईंचं प्रात्यक्षिक ठेवलं. ज्या टेबलावर गणपती बसतो, तिथे एक प्लास्टिकची बाहुली आडवी ठेवली होती. डॉक्टरीणबाई माईक लावेपर्यंत एका आजींनी बाहुलीच्या गालावर काजळाची तीट लावून टाकली. एवढ्या लोकांत नजर लागायची. बाई शांतपणे म्हणाल्या, "गालावर ठीक, पण डोळ्यांत घालू नका. काही काजळांत शिसं असतं." हॉलमधल्या चार पिढ्यांनी एकमेकींच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"भाजल्यावर तुम्ही काय लावता?" असं बाईंनी विचारायला नको होतं. हात भराभर वर झाले. एकीनं हळद सांगितली, दुसरीनं तूप, तिसरीनं बटाट्याचा कीस, चौथीनं मीठ. टूथपेस्टच्या बाजूनं एक मोठा गट होता आणि शाईच्या बाजूनं एक जुना शिक्षक. सगळ्यांचं ऐकलं असतं, तर मुलाच्या हातावर उपासाचा पदार्थ तयार झाला असता. हळदीवरून तेवढा वाद झाला असता. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, बाकी काही नाही. बर्फसुद्धा नाही. हातातले वाळे आणि काळा दोरा सूज यायच्या आत काढायचा, चिकटलेला कपडा ओढायचा नाही आणि फोडांना हात लावायचा नाही. "फक्त पाणी?" मागून निराश आवाज आला. फुकटच्या आणि सोप्या उपायावर आपल्या लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो.

वीस मिनिटं नळाखाली हात धरणं ही मुळात आजूबाजूच्या माणसांचीच परीक्षा आहे. मूल रडत असतं, दर मिनिटाला कुणीतरी "आता बास, थोडी हळद लावू या" म्हणत असतं आणि पाण्याची धार तशीच चालू ठेवायची असते. जाणकार माणसं निम्मा प्रथमोपचार इतरांवर करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घशात अडकण्याचा धडा आला तेव्हा हॉल गप्प झाला. ठसका लागला, की आपण टाळूवर थापटतो आणि "वर बघ, वर बघ" म्हणतो. बाई म्हणाल्या, मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या; त्याच्या खोकल्याइतकं चांगलं यंत्र तुमच्याकडे नाही. आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, रंग बदलला, की मग तुमचं काम. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली. दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या बुडानं पाच जोरदार थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून. बाळ निपचित पडलं तर छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करायचं. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालायचं नाही. ती आणखी आत जाते. वर्षाच्या पुढच्या मुलाला पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके.

हे पोटावरचे झटके हेन्री हाइमलिक या अमेरिकन सर्जननं १९७४ साली जगासमोर मांडले. २०१६ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, सिनसिनाटीच्या ज्येष्ठांच्या निवासात जेवताना त्यांच्या शेजारी बसलेल्या ८७ वर्षांच्या बाईंच्या घशात हॅम्बर्गर अडकला आणि म्हातारबुवांनी उठून स्वतः तो काढला. हे ऐकून हॉलमधले सगळे ज्येष्ठ नागरिक ताठ बसले. बाहुलीवर हात चालवायला मीही गेलो. "थोडं जोरात, बाबा," सूनबाई म्हणाल्या. "अहो, हळू!" सौ. ओरडली. बाहुलीसाठीही तिचा जीव तुटत होता.

आकडीच्या वेळी तर दोन पक्ष पडले, कांदा हुंगवणारे आणि चप्पल हुंगवणारे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या काही मुलांना तापात आकडी येते. ती दिसते भयंकर, पण बहुतेकदा आपोआप थांबते. कांद्यानंही नाही आणि चपलेनंही नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार बाजूला करायचं, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, तर १०८. लवकर थांबली तरी डॉक्टरला दाखवायचंच, पहिलीच असेल तर लगेच. चप्पल पक्षाचे नेते म्हणाले, "आमच्याकडे चपलेनं थांबायची." बाईंनी विचारलं, "चप्पल सापडेपर्यंत किती वेळ जायचा?" नेते विचारात पडले.

तापाच्या औषधाबद्दल बाईंनी दोन बाटल्या दाखवल्या. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२०. म्हणजे थेंबांचं औषध चौपटीहून जहाल. डोस ठरतो मुलाच्या वजनावर आणि मोजायचा बाटलीसोबतच्या मापानं. आमच्या घरात चहाचा, पोह्यांचा, साखरेचा असे चमचे आहेत आणि देवघरात पळी, आणि सौ. 'एक चमचा' म्हणते तेव्हा हाताला लागेल तो.

घरी आल्यावर सूनबाईंनी आणखी एक तक्ता केला. त्यात उपचार करणारं एकच माणूस होतं. बाकी सगळ्यांना दुसरी कामं होती. आमच्या घरात प्रेमाची कमतरता कधीच नव्हती. अडचण होती ती एका मुलावर एकाच वेळी तुटून पडणाऱ्या सहा हातांची. तक्त्याप्रमाणे चिरंजीवांनी १०८ ला फोन करायचा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फोन फुकट लागतो. सौ.नं घड्याळाकडे बघून मोठ्यानं मिनिटं सांगायची. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला तिला परवानगी होती, पण सगळं आटोपल्यावर आणि मिरच्यांचा धूर मुलाच्या नाकाशी न नेता. माझ्या नावापुढे लिहिलं होतं : लिफ्ट धरून ठेवणे.

तक्त्याची परीक्षा लवकरच झाली. पुरणपोळीसाठी निवडायला घेतलेल्या हरभऱ्याच्या डाळीतला एक दाणा साहेबांनी उजव्या नाकपुडीत नेऊन ठेवला. सौ. चिमटा आणायला उठली. सूनबाईंनी तिला डोळ्यांनीच खाली बसवलं. चिमट्यानं तो आणखी आत जातो आणि नाकात पाणी घातलं तर डाळ फुगते. सूनबाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी १९६५ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेली एक युक्ती करायला सांगितली : मुलाच्या तोंडावर आईनं आपलं तोंड घट्ट लावायचं, मोकळी नाकपुडी बोटानं बंद करायची आणि एक छोटी, झटकन फुंकर मारायची. दहापैकी साधारण सहा वेळा काम होतं. नाही झालं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. आणि नाकात बटन सेल असेल तर फुंकर वगैरे काही न करता थेट हॉस्पिटल.

"एक मिनिट झालं!" सौ. कर्तव्याला जागून ओरडली. तेवढ्यात साहेबांच्या नाकातून शेंबडासकट डाळ उडाली आणि चिरंजीवांच्या चष्म्यावर बसली. साहेब खदखदा हसले आणि त्यांनी दुसरा दाणा उचलला.

हे सगळं मला नंतर कळलं. मी लिफ्टमध्ये पाय आडवा घालून उभा होतो. वरून "झालं!" अशी हाक मारायची कामगिरी तक्त्यात कुणाच्याच नावावर नव्हती. चौथ्या मजल्यावरचे काका पिशव्या घेऊन जिन्यानं गेले, दूधवाला गेला, सेक्रेटरी दोनदा येऊन बघून गेले. मी हाइमलिकसाहेबांचं स्मरण करून जागचा हललो नाही.

संध्याकाळी सोसायटीची नोटीस आली : लिफ्ट विनाकारण अडवून धरल्याबद्दल खुलासा करावा. मी तक्त्याची प्रत जोडून लेखी खुलासा केला. शेवटी एक सूचनाही केली, की पुढच्या प्रात्यक्षिकाला सेक्रेटरींनी स्वतः हजर राहावं, कारण तक्त्यात 'वरून हाक मारणे' हे पद रिकामं आहे आणि त्यांच्या आवाजाबद्दल सोसायटीत कुणाचंही दुमत नाही.